जहाजाचे डोळे आणि कान

विमान म्हटले की विमानदल आणि जहाज म्हटले की नौदल, अशी वाटणी आपल्या मनात इतकी पक्की बसलेली असते की, नौदलाची स्वतःची विमाने ही अनेकांना चैनीची बाब वाटते. ‘विमानदल आहे ना? मग समुद्रावरही त्यांनीच उडावे!’ असे चांगली शिकलेली माणसेही म्हणतात. प्रश्न खुळचट नाही. आपल्या देशात तो बरीच वर्षे वादाचा होता, आणि त्याचे पुरते उत्तर १९७६ साली लागले. ते कसे लागले हे पुढे ओघाने येईलच. नौदलाच्या विमानाचे पहिले काम लढण्याचे नसून पाहण्याचे आणि ऐकण्याचे आहे, एवढे एकच सूत्र धरून मी आज बोलणार आहे. छायाचित्रे मात्र लढाऊ विमानांचीच छापून येतात. त्याला इलाज नाही.

आधी पाहण्याचे घेऊ. जुन्या काळी गलबतावरचा एखादा चपळ खलाशी डोलकाठीच्या टोकावर चढून बसे. हा हौसेचा भाग नव्हता. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर नजर जाते ती क्षितिजापर्यंतच, आणि क्षितिज किती दूर हे पाहणाऱ्याच्या उंचीवर ठरते. होडीत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून चार मीटरवर असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे सात किलोमीटरवर असते. तोच पंचवीस मीटर उंच डोलकाठीवर चढला की ते अठरा किलोमीटरवर जाते. आणि तीन हजार मीटर उंचीवर उडणाऱ्या वैमानिकाला? हवा स्वच्छ असेल तर जवळजवळ दोनशे किलोमीटर. रडारची गोष्टही थोड्याफार फरकाने अशीच आहे. त्याचे किरणही जवळपास सरळ रेषेत जातात आणि समुद्राच्या फुगवट्याआडचे त्यांना दिसत नाही. तेव्हा नौदलाचे विमान म्हणजे मुळात एक फार उंच डोलकाठी होय.

ही डोलकाठी नसली तर काय होते, ते १९८२ साली फॉकलंड बेटांच्या युद्धात इंग्रजांना कळले. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानांनी समुद्राला जवळजवळ घासत येऊन दुरूनच क्षेपणास्त्रे सोडली आणि ‘शेफील्ड’ ही विनाशिका जळाली. काही दिवसांनी ती बुडाली. अशा, लाटांवरून पाचदहा मीटर उंचीने येणाऱ्या क्षेपणास्त्राला जहाजाचे रडार पकडते तेव्हा ते तीसएक किलोमीटरवर आलेले असते. सेकंदाला तीनशे मीटर हा त्याचा वेग धरा आणि हिशेब करा: हाती उरते ती दीड-पावणेदोन मिनिटे. इंग्रजांच्या मोठ्या विमानवाहू नौका काटकसरीपायी आधीच मोडीत निघाल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर रडार घेऊन उंच घिरट्या घालणारी विमानेही गेली होती. मग घाईघाईने ‘सी किंग’ जातीच्या हेलिकॉप्टरच्या कुशीला हवेने फुगणाऱ्या पिशवीत रडार बसवण्यात आले. हा जुगाड काही आठवड्यांत तयार झाला हे खरे, पण युद्ध त्याआधीच संपले होते.

आपल्या नौदलाकडे या कामासाठी ‘कामोव्ह-३१’ नावाचे रशियन हेलिकॉप्टर आले. दिसायला ते मुळीच देखणे नाही. एकाच आसावर दोन पंखे, एकावर एक, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. साध्या हेलिकॉप्टरला शेपटीवर एक लहानसा पंखा लागतो, नाहीतर मोठ्या पंख्याच्या फिरण्याने सारे धूड उलट गरगरू लागेल. कामोव्हमध्ये दोन्ही पंखे एकमेकांचा झोक परस्पर फेडतात, म्हणून शेपटी आखूड राहते आणि ते जहाजावरच्या लहानशा जागेत मावते. ‘कामोव्ह-३१’ वर गेले की त्याची चाके बाजूला होतात आणि पोटाखाली घडी करून ठेवलेला रडारचा भलामोठा सपाट पत्रा उलगडून खाली लोंबू लागतो व सावकाश फिरू लागतो. नुसते पाहण्यासाठी बांधलेले असे हे यंत्र आहे.

आता या विमानांच्या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या नौदलाची हवाई शाखा सुरू झाली ती १९५३ साली कोचीनला. ११ मे रोजी ‘गरुड’ हा तळ सुरू झाला आणि पहिली विमाने होती ‘सीलँड’ नावाची, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी. सुरुवात साधी होती. मग १९५७ मध्ये इंग्लंडकडून एक अपुरी राहिलेली विमानवाहू नौका विकत घेतली गेली. तिचे काम पुरे होऊन ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती ‘विक्रांत’ नावाने आपल्या नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिले जेट विमान उतरवले. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘विक्रांत’ मुंबईला आली.

जहाजावर विमान उतरवणे म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून एक तुलना करतो. गोव्यात दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. ‘विक्रांत’ सबंध जहाज म्हणून मोजले तरी सुमारे २१३ मीटर. शिवाय दाबोळी जागची हलत नाही. जहाज पुढे पळते, वरखाली होते आणि कुशीवर कलते. यावर उपाय म्हणून डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. आकडा तारेत अडकला की विमान शंभर मीटरच्या आत थांबते. अडकला नाही तर? इथे एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटते. चाके डेकला लागताच वैमानिक इंजिन मंद करत नाही, उलट पुरत्या जोराने चालू करतो! आकडा चुकला तर त्याला त्याच झपाट्यात पुन्हा हवेत चढायचे असते. पूर्वी डेक सरळ होते तेव्हा चुकलेले विमान पुढे उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळे. युद्धानंतर इंग्रज नौदलातील लोकांनी उतरण्याचा पट्टा जहाजाच्या मध्यरेषेशी किंचित तिरका आखण्याची युक्ती काढली. चुकलेले विमान आता डाव्या अंगाने समुद्रावर निसटते. एवढ्या साध्या बदलाने किती प्राण वाचले असतील! त्याच सुमारास वाफेच्या जोराने विमान फेकणारी गोफण आणि वैमानिकाला उतरण्याचा योग्य कोन दाखवणारा आरसा हेही तिथेच निघाले. ‘विक्रांत’वर हे तिन्ही होते, म्हणजे त्या काळी ती जुनाट नौका मुळीच नव्हती.

विमान वर जाण्यासाठी लागणारा वेग तीन ठिकाणांहून गोळा करावा लागतो: गोफणीचा झटका, जहाजाची गती आणि समोरचा वारा. म्हणून विमाने सोडताना जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने पळते. १९७१ मध्ये नेमके याच ठिकाणी घोडे अडले होते. ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. वाफ कमी, म्हणून गती कमी. अशा स्थितीत तिला युद्धावर पाठवावे की बंदरात ठेवावे, हा मोठाच प्रश्न होता. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि ते शल्य नौदलाच्या मनात होते. अखेर तिला बंगालच्या उपसागरात नेले. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या ‘सी हॉक’ जेट विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या धावपट्ट्या व बंदरे यांवर हल्ले चढवले. रात्रीच्या हल्ल्यांना मुख्यतः ‘अलिझे’ विमाने जात. अलिझे म्हणजे फ्रेंच भाषेत व्यापारी वारे. वारा पडला की जड अलिझेला वर फेकणे कठीण होई, आणि नाव मात्र वाऱ्याचे!

पण अलिझे बांधले गेले होते ते बाँब टाकण्यासाठी नव्हे. तीन माणसांचे, पंख्याचे, सावकाश उडणारे हे विमान पाणबुड्या शोधण्यासाठी होते. त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली निघत असे. आणि येथून आपण डोळ्यांकडून कानांकडे वळतो. माझ्या मते विषयाचा गाभा इथेच आहे.

पाण्याखाली प्रकाश फार दूर जात नाही, रडारचे किरण तर मुळीच जात नाहीत. दूर जातो तो ध्वनी, तोही हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर. म्हणून जहाजाच्या तळाशी बसवलेल्या यंत्रातून पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतात आणि पाणबुडीवर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकतात. यात पहिली अडचण अशी की, अंधारात कंदील घेऊन चोर शोधणाऱ्या माणसाला चोर आधी पाहतो. ठोक्याला जाऊन परत यावे लागते. पाणबुडीला तो नुसता येताना ऐकला की पुरे. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. उन्हाळ्यात विहिरीत उडी मारणाऱ्याला ठाऊक असते की वरचे पाणी कोमट लागते आणि जरा खाली गेले की एकदम गारवा झोंबतो. आपल्या समुद्रांतही तसेच आहे. वरचा थर उन्हाने तापलेला, त्याखाली तपमान झपाट्याने उतरते. थंड पाण्यात ध्वनीचा वेग कमी होतो आणि त्यामुळे तो खालच्या बाजूला वाकतो. परिणाम असा की, त्या सीमेच्या खाली, काही अंतरापलीकडे, ध्वनीची एक सावली पडते. पाणबुडीचा कप्तान तपमान मोजत खाली जातो आणि त्या सावलीत जाऊन बसतो. वरचे जहाज ठोके देत राहते आणि त्याला काहीच ऐकू येत नाही.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही आपली लढाऊ नौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीच्या शोधात होती. शिकारी आणि सावज यांची अदलाबदल झाली. हंगोरच्या पाणतिराने ‘खुकरी’ काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्यांच्या शौर्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्या जोडीला एक रुक्ष गोष्टही सांगितली पाहिजे: ‘खुकरी’ ज्या वर्गाची नौका होती त्या वर्गाच्या जहाजावर हेलिकॉप्टर ठेवायला जागाच नव्हती.

हेलिकॉप्टर असते तर काय झाले असते, हे छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण हेलिकॉप्टरने काय बदलते ते स्पष्ट आहे. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर समुद्रावर अगदी खाली, पंधरावीस मीटरवर, एका जागी तरंगत उभे राहते आणि दोरावरून ध्वनियंत्र पाण्यात सोडते; विहिरीत घागर सोडावी तसे. गरम थराच्या खाली, नेमके सावलीत, ते यंत्र उतरते. तिथे ऐकून झाले की वर ओढून घ्यायचे आणि दोनचार मैल पुढे जाऊन पुन्हा बुडवायचे. जहाजाच्या मळसूत्राची घरघर त्याच्या कानाशी नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणबुडी त्याच्यावर पाणतीर सोडू शकत नाही. शिकाऱ्यावर उलटण्याची तिची सोय संपते. हेलिकॉप्टर मात्र आपल्याजवळचा पाणतीर किंवा पाण्याखाली फुटणारा बाँब तिच्यावर टाकू शकते. यासाठी रात्रीच्या अंधारात, खाली काळे पाणी, समोर क्षितिज नाही, अशा स्थितीत यंत्र स्थिर धरून ठेवावे लागते. सी किंगमध्ये त्यासाठी आपोआप उंची व जागा राखणारी योजना होती. तरीही आत बसलेल्या चौघांच्या धीराची कसोटी लागते.

सी किंग आपल्याकडे आले होते ते १९७१ सालीच. त्यांची पहिली तुकडी युद्धाच्या आधी काही महिन्यांपूर्वी उभी राहिली होती. पण लढाऊ जहाजे त्यांना नांदवण्यासारखी नव्हती. पुढची गोष्ट मुंबईतल्या माझगाव गोदीत घडली. तिथे बांधलेली ‘नीलगिरी’ ३ जून १९७२ रोजी नौदलात आली. तिच्या पाठीवर लहान हेलिकॉप्टरसाठी जागा होती. त्याच मालिकेतल्या शेवटच्या दोन नौका, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, यांच्यात फेरबदल करून नऊदहा टनांचे सी किंग बसवले गेले. सुमारे तीन हजार टनांच्या जहाजावर! डोलणाऱ्या डेकवर उतरणाऱ्या या धुडाला खालून पकडून ओढून घेणारा सापळा बसवावा लागला, पंख्यांची पाती आणि शेपटी दुमडून त्याला कोठीत ढकलावे लागले. १९८३ मध्ये त्याच गोदीतून ‘गोदावरी’ आली, तिच्यावर दोन सी किंग राहू शकत. गोदीतले फिटर, वेल्डर, आरेखक यांची नावे या इतिहासात येत नाहीत. ती यायला हवीत असे मला वाटते.

हा धडा कायमचा गिरवला गेला असे मात्र म्हणवत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुधारलेले सी किंग आले आणि मग दीर्घकाळ त्यांच्या जागी नवे काही आले नाही. नव्या युद्धनौका बांधल्या गेल्या, पण त्यांच्यासाठी पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे पुरेशी नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेकडून चोवीस ‘एमएच-६० आर’ हेलिकॉप्टरे घेण्याचा करार झाला आणि त्यांची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीला उभी राहिली. जहाज बांधताना त्याच्या कानांचा खर्च वेगळ्या खात्यात टाकला की असा विलंब होतो.

आता आरंभी टाकून दिलेला प्रश्न. जहाजापासून फार दूर, हजार-दोन हजार किलोमीटरवर, समुद्र कोणी पाहायचा? जमिनीवरून उडणाऱ्या मोठ्या विमानांनी. हे काम आपल्याकडे दीर्घकाळ विमानदलाकडे होते, आणि ज्या सहाव्या स्क्वाड्रनकडे ते होते तिचा तळ पुण्याला, लोहगावला! सह्याद्रीच्या माथ्यामागे बसून अरबी समुद्रावर पहारा. वैमानिक कुशल होते याबद्दल शंका नाही. पण नौदलाचे म्हणणे असे की, समुद्रावर काय पाहायचे हे जहाजावर वाढलेल्या माणसालाच कळते. मासेमारीची होडी कोणती आणि तिच्या आडोशाला दडलेले दुसरे काही कोणते, पाण्यावरची पांढरी रेघ लाटेची की पाणबुडीच्या डोळ्याची, हे ओळखणे सरावाचे काम आहे. अखेर १९७६ मध्ये ही जबाबदारी नौदलाकडे आली. बरोबर आली ती ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमाने. एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी नेणारी, आता उतारवयात समुद्र धुंडाळणारी.

त्यांच्यानंतर १९७७ मध्ये रशियन ‘इल्युशिन-३८’ दाबोळीला आली आणि १९८८ मध्ये अजस्र ‘तुपोलेव्ह-१४२’. चार इंजिने, प्रत्येकाला पाठोपाठ दोन पंखे, आणि असा पल्ला की एका उड्डाणात हिंदी महासागराचा मोठा भाग पालथा घालावा. २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. इल्युशिन तुकडीच्या रौप्यमहोत्सवाच्याच दिवशी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, गोव्याच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतले बारा नौसैनिक मृत्युमुखी पडले. जमिनीवरही माणसे दगावली. उरलेली विमाने ऑक्टोबर २०२३ पर्यंत उडत राहिली. २०१३ पासून या कामाला अमेरिकन ‘पी-८ आय’ विमाने आली. अशी बारा विमाने घेण्यात आली.

ही विमाने पाण्याखालचे कसे ऐकतात? ती बोये टाकतात. कोकणातल्या कोळ्याच्या जाळ्याचा बोया जसा पाण्यावर तरंगतो तसाच हा. फक्त याच्याखाली जाळ्याऐवजी कान लोंबत असतो आणि वर रेडिओ असतो. विमान अशा बोयांची रांग पेरत जाते आणि वरून सगळ्यांचे एकदम ऐकते. शिवाय काही विमानांच्या शेपटीतून मागे एक लांब दांडा निघालेला दिसतो. पाणबुडीतल्या शेकडो टन पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात जो अल्पसा फरक पडतो, तो टिपणारे यंत्र त्यात असते. विमानाच्या स्वतःच्या लोखंडापासून ते शक्य तितके दूर ठेवायचे, म्हणून तो दांडा.

लढाऊ विमानांविषयी दोनच शब्द. सी हॉकच्या जागी १९८३ मध्ये ‘सी हॅरियर’ आले. इंजिनाचा झोत खाली वळवून उभेच्या उभे उतरणारे हे विमान आपल्याकडे २०१६ पर्यंत होते, आणि ते ज्या ‘विराट’वरून उडत असे ती नौका म्हणजे फॉकलंड युद्धातली इंग्रजांची ‘हर्मिस’. पुढे ‘विक्रमादित्य’वर ‘मिग-२९ के’ आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला बांधलेली नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये सव्वीस ‘राफेल’ विमानांचा करार झाला. यांचा थाट मोठा असतो, त्यावर पुष्कळ लिहिलेही जाते.

त्यापेक्षा मला १७ मे २०२१ ची गोष्ट सांगावीशी वाटते. तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा नांगरावरून सुटला. त्यावर अडीचशेहून अधिक माणसे होती. संध्याकाळी तो बुडाला आणि माणसे अंधारात उसळत्या पाण्यात पडली. नौदलाची जहाजे तिथे पोचली. पण लाटांच्या दऱ्यांतून एक माणसाचे डोके जहाजावरून दिसणे किती कठीण! वादळ थोडे निवळताच सी किंग आणि चेतक हेलिकॉप्टरे व पी-८ आय विमाने शोधाला लागली. पाणबुडीचा डोळा शोधण्यासाठी बनवलेली नजर तिथे नारिंगी जाकिटे शोधत होती. बरेच वाचले, पण सत्तरांहून अधिक मात्र परतले नाहीत.

गोव्याला गेलात तर दाबोळीजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. मुले सी हॅरियरकडे धावतील, धावू द्या. आपण मात्र अलिझेच्या पोटाखाली वाकून रडारचा घुमट जिथून खाली निघत असे ती जागा पाहावी, आणि जवळच उभ्या असलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनला एक फेरी मारावी. तिच्या खिडक्यांतून पूर्वी प्रवासी ढग पाहत. पुढे तिथूनच नौसैनिक आठ-आठ, दहा-दहा तास रिकामे पाणी पाहत बसले.